रेडिएटरचे पाणी जाते कुठे? जुन्या गाडीच्या पाण्याचा ताळेबंद

कोरडवाहू शेतीत पाण्याचा ताळेबंद मांडावा, असे आम्ही आपणास नेहमी सांगत असतो. पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून गेले, किती मुरले, किती बाष्प होऊन उडाले आणि पिकाच्या वाट्याला किती आले, हे मोजल्याशिवाय बांध कोठे घालावा ते कळत नाही. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हापासून या कामाचा पाया पाण्याचे मोजमाप हाच राहिला आहे. प्रस्तुत लेखात हाच ताळेबंद एका वेगळ्या ठिकाणी, म्हणजे आपल्या दारातील जुन्या मोटारीच्या इंजिनात कसा मांडावा, याची माहिती दिली आहे.

कृषिविद्येच्या शिक्षकाने मोटारीवर का लिहावे, असा प्रश्न आपणास पडेल. त्याला कारण घरचेच आहे. माढा तालुक्यातील माझ्या मामांकडे एक जुनी डिझेल गाडी आहे. दुधाचे कॅन, बियाणे, खताची पोती, शाळेची मुले आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस, सर्व काही त्याच गाडीतून जाते. एका उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी रोज कमी होऊ लागले. गाडीखाली थेंब दिसेना. 'गाडी पाणी खाते, हेड गॅस्केट गेले, काम काढावे लागेल' असे त्यांना सांगण्यात आले. मामांनी दुभती म्हैस विकली आणि इंजिनाचे काम काढले. पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा पूर्वीसारखेच कमी होऊ लागले. शेवटी एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने रेडिएटरची कॅप हातात घेऊन उलटी केली. तिच्या आतील रबर कडक होऊन तडकले होते. दोन-तीनशे रुपयांची नवी कॅप बसवली आणि पाणी कमी होणे थांबले. म्हैस मात्र परत आली नाही.

याउलट, केवळ पाणी ओतत राहून मूळ दोषाकडे दुर्लक्ष करणारेही पुष्कळ आहेत. त्यांचे इंजिन एक दिवस भर रस्त्यात जाम होते. म्हणून इंजिन घाईने उघडू नये आणि दोष अंगावरही काढू नये. आधी पाणी कोणत्या वाटेने जाते ते शोधावे.

सुरुवातीलाच एक सूचना

इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर तापूनही ते उकळलेले नसते. कॅप सैल होताच दाब जातो आणि पाणी व वाफ एकदम तोंडावर व छातीवर उसळते. वरचा होज पाइप मुठीत निवांत धरता येईल इतका गार झाल्यावर, जाड कापड ठेवून, कॅप पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवावी, उरलेला दाब जाऊ द्यावा व मगच ती काढावी. पुढील सर्व तपासण्या, जेथे वेगळे सांगितले नाही तेथे, सकाळी थंड इंजिनावर कराव्यात.

पाणी फिरते कसे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीत व हेडमध्ये उतरते. ती वाहून नेण्यासाठी या भागांभोवती पाण्याचे मार्ग ठेवलेले असतात. वॉटर पंप हे पाणी फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते, त्यामुळे पाणी इंजिनातच फिरते. पाणी साधारण ८० ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचले की झडप उघडते. मग पाणी वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येते, गार होते आणि खालच्या होजमधून परत इंजिनात जाते.

या व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कॅप. ती केवळ झाकण नसून तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप आतील दाब धरून ठेवते व दाब मर्यादेबाहेर गेल्यास जादा पाणी बारीक नळीने बाहेर सोडते. लहान झडप, इंजिन गार होताना आत पोकळी निर्माण झाली की, राखीव बाटलीतील पाणी परत आत घेते.

दाबाचे महत्त्व सोलापूरच्या हिशेबाने पाहू. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८.५ अंशांना उकळते. कॅपने ०.९ बार, म्हणजे सुमारे १३ पौंड दाब धरला तर तेच पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे चांगली कॅप आपणास सुमारे २० अंशांची सवलत देते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असताना आणि भरलेली गाडी तुळजापूरचा घाट चढत असताना हीच सवलत इंजिन वाचवते. मामांच्या गाडीत नेमकी तीच नाहीशी झाली होती. पाणी चढावर उकळून नळीवाटे रस्त्यावर जात होते. घरी आल्यावर गाडीखाली थेंब दिसणार कसा?

पाणी खरोखर कमी होते का?

निम्म्या तक्रारी येथेच संपतात. पुढील तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

१) काठोकाठ भरण्याची सवय : अगदी जुन्या गाड्यांत राखीव बाटली नसते. पाणी ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे ३ टक्के वाढते. ८ लिटर पाणी असेल तर जवळजवळ पाव लिटर वाढ होते. रेडिएटर सकाळी काठोकाठ भरला तर हे पाव लिटर पाणी नळीने बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा काठोकाठ भरतो आणि ते पुन्हा बाहेर पडते. याला गळती म्हणता येत नाही. अशा गाडीत पाणी गळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवावे व तेथे ते स्थिर राहते का ते आठ दिवस पाहावे.

२) अडकलेली हवा : नुकतेच होज बदलले किंवा पाणी बदलले असेल तर आत हवेचे फुगे अडकलेले असतात. ते हळूहळू निघतात व पातळी पहिले दोन-तीन दिवस खाली जाते. नंतर ती थांबली तर चिंता नाही.

३) फसवी बाटली : राखीव बाटली भरलेली दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असे समजू नये. बाटलीकडे जाणारी नळी चिरली असेल किंवा कॅपची लहान झडप चिकटली असेल तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर मात्र रिकामा होतो. म्हणून थंड इंजिनावर कॅप काढून रेडिएटरची पातळी प्रत्यक्ष पाहावी.

येथेच तापमानाच्या काट्याविषयी सांगणे आवश्यक आहे. काट्याला खबर देणारा भाग पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरे सांगतो. पाणी त्याच्याही खाली गेले तर इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. चढावर वर गेलेला काटा एकाएकी खाली आला तर समाधान मानू नये. गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी.

पंधरा दिवसांची नोंद

पाणी खरोखर कमी होत आहे असे ठरल्यावर हातात पाना घेण्याआधी वही घ्यावी. रोज सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना, ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि किती भरले ते मापाने मोजावे. औषध फवारणीसाठी आपण वापरतो ते मापपात्र चालेल, परंतु ते स्वच्छ असावे आणि नंतर दुसऱ्या कामास वापरू नये. वहीत चार रकाने पाडावेत : तारीख, किलोमीटर, इंजिन किती वेळा गरम होऊन पूर्ण थंड झाले, आणि भरलेले पाणी.

मामांच्या अनुभवानंतर माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचे पाणी जाऊ लागले तेव्हा मी हेच केले. मलाही हेड उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. दोन आठवड्यांची नोंद अशी निघाली :

पहिला आठवडा (शहरातल्या शहरात) : ९० किलोमीटर, इंजिन १२ वेळा गरम होऊन थंड झाले, पाणी भरले ७०० मिलिलिटर.

दुसरा आठवडा (मालदांडी ३५-१ ज्वारीचे माहेर असलेल्या मोहोळला पाच दिवस जाणे-येणे) : ३५० किलोमीटर, इंजिन १० वेळा गरम होऊन थंड झाले, पाणी भरले ६०० मिलिलिटर.

आता भागाकार करू. किलोमीटरच्या हिशेबाने पहिल्या आठवड्यात सुमारे ८ मिलिलिटर आणि दुसऱ्या आठवड्यात २ मिलिलिटरपेक्षाही कमी पाणी गेले. गरम-थंड होण्याच्या हिशेबाने मात्र दोन्ही आठवड्यांत दर वेळी ६० मिलिलिटरच्या आसपास गेले. म्हणजे पाण्याचा संबंध चालण्याशी नव्हता, तर इंजिन बंद करून गार होण्याशी होता. हेड गॅस्केट पाणी खात असते तर लांबच्या प्रवासात पाणी कितीतरी अधिक गेले असते. एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही हे खरे, परंतु कोठे पाहावयाचे याची दिशा मिळते.

मग इंजिन बंद केल्यावर गाडीखाली जुना पुठ्ठा पसरला. एरवी गाडी प्रक्षेत्रावर काळ्या जमिनीत उभी असे, तेथे दोन-चार थेंब पडले तरी समजत नसत. वीस मिनिटांनी पुठ्ठ्यावर तीन ओले ठिपके उमटले. वर पाहिले तर वॉटर पंपाच्या पोटाखाली पांढरा खरपा धरला होता. पंप बदलला आणि हेड जागेवरच राहिले.

पाण्याच्या तीन वाटा

इंजिनातील पाणी तीनच वाटांनी जाते : बाहेर गळून, कॅपमधून उसळून किंवा इंजिनाच्या आत शिरून. तपासणी याच क्रमाने करावी, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो.

पहिली वाट : बाहेर गळणे

गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचत नाही, तेथेच वाळतो. म्हणून थेंब न शोधता त्याचा डाग शोधावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर पांढरा खरपा दिसेल. कूलंट वापरत असाल तर त्याच्या रंगाचा हिरवा, निळा किंवा लालसर डाग दिसेल. बॅटरीच्या उजेडात पुढील जागा क्रमाने पाहाव्यात :

• होज पाइपची टोके व क्लिपा. होज दाबून पाहावा. तो कडक झाला असेल, भेगाळला असेल किंवा तेलाने फुगून पिठासारखा मऊ लागत असेल तर बदलावा. खालचा होज बहुधा कोणी पाहत नाही, तो आवर्जून पाहावा.

• वॉटर पंप. पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या छिद्रातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. ते बुजवू नये. तेथे ओल दिसली म्हणजे पंपाने दिलेली पूर्वसूचना समजावी. पट्टा सैल करून पुली हलवून पाहावी, खेळ लागल्यास पंप बदलावा.

• रेडिएटर. वरची व खालची टाकी जाळीला जेथे जोडली आहे तो सांधा आणि जाळीचा मधला भाग तपासावा. जाळीत अडकलेला पाचटाचा भुसा, कडबा व किडे आतील बाजूने पाण्याच्या सौम्य धारेने काढावेत. जोरदार फवारा मारल्यास पाती वाकतात.

• ब्लॉकच्या बाजूच्या गोल चकत्या. इंजिन ब्लॉकवर पत्र्याच्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या असतात. साधे पाणी वर्षानुवर्षे वापरल्याने त्या आतून गंजतात. मागील बाजूची चकती दिसत नाही, तेथे हात फिरवून ओल पाहावी.

• हीटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डखालील लहान रेडिएटर. पायाखालची चटई चिकट ओली होणे, काचेवर आतून तेलकट धुके येणे व गोडसर वास ही त्याची लक्षणे होत. वातानुकूलन चालू असताना गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी मात्र हवेतील बाष्पाचे असते, ती गळती नव्हे.

डोळ्यांना काही दिसले नाही तर दाबाची चाचणी करून घ्यावी. कॅपच्या जागी घड्याळ असलेला हातपंप बसवून, कॅपवर लिहिला असेल तेवढाच दाब द्यावा व पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. काटा खाली आला तर ओल शोधावी. काटा उतरतो पण ओल कोठेच दिसत नाही, तेव्हा पाणी आत जात असल्याचा संशय घ्यावा. काही भेगा गरम झाल्यावरच उघडतात व काही गार झाल्यावरच, म्हणून ही चाचणी दोन्ही वेळा करावी. पंप मात्र इंजिन थंड असतानाच बसवावा आणि तो तसाच ठेवून इंजिन गरम करावे. दाब कॅपवरील आकड्यापुढे जाऊ देऊ नये.

दुसरी वाट : कॅप

कॅप उलटी करून रबर पाहावे. ते कडक, तडकलेले किंवा खोल वळ पडलेले असेल तर कॅप बदलावी. स्प्रिंग अंगठ्याने दाबून ती जोराने परत येते का ते पाहावे. मधली लहान झडप नखाने ओढल्यास सहज हलली पाहिजे. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर ही झडप चिकटली आहे असे समजावे. रेडिएटरच्या गळ्यातील बैठकही स्वच्छ व सपाट असावी. तेथे खरपा साचला असेल तर नवी कॅपही दाब धरत नाही.

नवी कॅप घेताना जुन्या कॅपवरील किंवा गाडीच्या पुस्तिकेतील आकडा पाहून तोच घ्यावा. जुन्या बनावटीच्या काही गाड्यांना ४ किंवा ७ पौंडाची कॅप असते. 'जास्त दाबाची म्हणजे चांगली' असे समजून तेथे १३ पौंडाची बसवली तर जुना रेडिएटर सांध्यात फुटतो.

तिसरी वाट : इंजिनाच्या आत

पहिल्या दोन वाटा निर्दोष ठरल्यावरच या वाटेचा विचार करावा. हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे किंवा त्याला चीर पडणे ही येथील मुख्य कारणे होत. बहुतेक वेळा यांच्या मुळाशी पूर्वी कधीतरी इंजिन अतिशय तापलेले असते. हेड न उघडता पुढील परीक्षा घरी किंवा गॅरेजमध्ये करता येतात.

१) तेल : तेलाच्या पट्टीवर ताकासारखा पांढुरका फेस दिसल्यास तेलात पाणी मिसळले आहे. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे रात्रभर उभ्या गाडीत ते तळाशी बसते. सकाळी इंजिन चालू न करता चेंबरचा बोल्ट किंचित सैल केल्यास आधी पाणी येते. हिवाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा फेस धरतो, तो हवेतील बाष्पाचा असू शकतो. पट्टीवरही फेस असेल तरच संशय घ्यावा. फेस आलेल्या तेलावर गाडी मुळीच चालवू नये, बेअरिंगे जातात.

२) धूर : इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येत राहिली तर पाणी जळत आहे. सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ स्वाभाविक आहे. डिझेल इंजिनाचा डोळ्यांना झोंबणारा व डिझेलचा वास असलेला पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो, तो दोष निराळा.

३) बुडबुडे : थंड इंजिनावर कॅप काढून पाणी गळ्यापर्यंत भरावे व इंजिन चालू करावे. अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येऊन थांबतात. ॲक्सिलरेटर दिल्यावर बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. थर्मोस्टॅट उघडून पाणी तापण्याच्या आत ही परीक्षा आटोपावी.

४) वरचा होज : थंड इंजिन चालू केल्यापासून मिनिटभरातच, पाणी अजून गार असताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नसून वायूचा आहे.

५) रंगाची चाचणी : रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरून त्यातून आतील हवा ओढतात. जळलेला वायू असल्यास निळा रंग पालटून पिवळट होतो. ही चाचणी स्वस्त आहे. हेड उतरवण्याचा सल्ला देणाऱ्यास ती आधी करावयास सांगावे.

६) प्लग : पेट्रोल इंजिनाचे सर्व स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवावेत. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात आहे.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्टर मारताच 'धप्प' आवाज करून अडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे.

ट्रॅक्टरधारकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात उभे असतात व खाली रबरी कड्यांनी पाणी अडवलेले असते. ही कडी निकामी झाली की पाणी सरळ तेलात उतरते. शिवाय लायनरच्या कंपनामुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात व लायनरच्या बाहेरील बाजूस टाचणीच्या टोकासारखे खड्डे पडत जातात. योग्य कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये हे नुकसान रोखतात, साधे पाणी रोखत नाही.

तक्ता : लक्षणावरून पहिले काम

• काठोकाठ भरल्यावरच पाव लिटर जाते, नंतर स्थिर : दोष नाही. पातळी थोडी खाली ठेवावी.
• चढावर किंवा भर उन्हातच पाणी जाते : कॅप, पंख्याचा पट्टा व रेडिएटरची जाळी तपासावी.
• गाडी उभी केल्यावर पाणी जाते : पंप, होज व क्लिपा तपासाव्यात, पुठ्ठा पसरावा.
• बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा : बाटलीची नळी व कॅपची लहान झडप तपासावी.
• किलोमीटरच्या प्रमाणात पाणी जाते, बाहेर डाग नाही : दाबाची व रंगाची चाचणी करावी.
• तेल ताकासारखे : गाडी बंद ठेवावी, कारागिरास बोलवावे.

आपले पाणी आणि आपल्या सवयी

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विहिरी व बोअर काळ्या पाषाणात आहेत. अनेक ठिकाणचे पाणी जड असून त्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यात बसतो तोच थर इंजिनातही बसतो. तो उष्णता अडवतो, रेडिएटरच्या नळ्या बुजवतो आणि इंजिन तापू लागते. खारट पाणी तर ॲल्युमिनियमचे हेड खाते. म्हणून क्षारविरहित पाणी व कूलंट यांचे मिश्रण गाडीच्या पुस्तिकेनुसार, बहुधा निम्मे-निम्मे, वापरावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, परंतु गंज रोखण्यासाठी व उकळणबिंदू वाढवण्यासाठी कूलंट हवेच. रंग सारखा म्हणून दोन वेगळी कूलंट एकत्र करू नयेत, रंग ही जातीची खूण नव्हे. अडचणीच्या वेळी पहिल्या दोन-तीन पावसांनंतर स्वच्छ पत्र्यावरून धरलेले पागोळीचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले.

काही प्रचलित उपायांविषयी स्पष्टच सांगावे लागेल. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. हळद छिद्रात अडकून गळती काही काळ थांबवते हे खरे, परंतु ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तशीच अडकते. रानात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक, घरी पोहोचल्यावर मात्र रेडिएटर धुऊन मूळ दुरुस्ती करावी. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवयही सोडावी. त्यामुळे एरवी इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते व झीज वाढते. तसेच तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या झालेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेडला चीर पडते आणि शंभराचा दोष हजारांवर जातो.

जनावरांची काळजी

बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य चवीला गोडसर व अत्यंत विषारी असते. कुत्रा, मांजर, वासरू हे चाटते. थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊन जनावर दगावू शकते. म्हणून गोठ्याजवळ किंवा पाण्याच्या हौदाजवळ रेडिएटर रिकामा करू नये. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात, 'विष' असे लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे व गॅरेजमध्ये द्यावे. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जनावराने ते प्यायल्याचा संशय येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. माणसाच्या बाबतीत तत्काळ रुग्णालय गाठावे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) पाणी खरोखर जाते का, याची आठ दिवस खात्री करावी.
२) पंधरा दिवस किलोमीटर, गरम-थंड होण्याची संख्या व भरलेले पाणी लिहावे.
३) कॅप, होज, पंप, रेडिएटर या क्रमाने तपासावे.
४) दाबाची व रंगाची चाचणी झाल्याशिवाय हेड उतरवू देऊ नये.
५) तेलात पाणी दिसल्यास किंवा काटा लाल खुणेकडे गेल्यास मात्र एक किलोमीटरही गाडी पुढे नेऊ नये.

मामांच्या गाडीत आता दोऱ्याने बांधलेली एक लहान वही असते. मागील उन्हाळ्यात पाणी पुन्हा थोडे कमी होऊ लागले, तेव्हा ते कारागिराकडे वही घेऊनच गेले आणि अर्ध्या तासात खालच्या होजची सैल क्लिप सापडली. आपणही ही नोंद आजच सुरू केल्यास ऐन सुगीत गाडी रस्त्यात उभी राहणार नाही आणि एखादी दुभती म्हैस गोठ्यातच राहील.